परदेशी शिकायला निघालात? खात्यातले पैसे कधीपासून आहेत ते बघा

पालकांनो, ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न असतो, पैसे किती लागतील? आम्ही मात्र आधी विचारतो, पैसे कुणाच्या नावावर आहेत आणि कधीपासून?

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी आणि जास्तीत जास्त 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस असावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. 28वा दिवस अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आत यायला हवा. म्हणजे उसाचं बिल 5 तारखेला जमा झालं आणि अर्ज 20 ला भरला, तर पैसे असून नसल्यासारखेच.

आपल्याकडे खरी अडचण होते ती एकत्र कुटुंबात. जमीन आजोबांची, ठेव काकांची. चूल एक असली तरी हे पैसे चालत नाहीत. खातं विद्यार्थ्याचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. आई-वडिलांचं दाखवायचं तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. दाखला नुसत्या कन्नडमध्ये असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही. दाखल्यावर वडिलांचं नाव ‘मारुती’ आणि पासबुकावर ‘मारुतीराव’ असेल तर ते आताच सारखं करून घ्या. ऐन वेळी हेच काम सगळ्यात जास्त दिवस खातं.

बँकेचं शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर मंजूर असेल, तर त्या रकमेला 28 दिवसांची अट नाही. मंजुरीपत्र 6 महिन्यांच्या आतलं लागतं.

जर्मनीची रीत वेगळी. तिथे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरायचे, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेटही (शिक्षणाचे कागद तपासून खरे असल्याचा दाखला) लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडे जातो. पलीकडच्या चंदगडचा मुलगा मात्र मुंबईच्या हद्दीत येतो.

‘महिनाभर खात्यात पैसे ठेवून देतो, टक्केवारी द्या’ म्हणणारे भेटतील. कळकळीने सांगतो, त्यांच्या नादी लागू नका. खोटे कागद सापडले तर ब्रिटनची दारं 10 वर्षं बंद होऊ शकतात. मुलाच्या उमेदीची वर्षं असतात ती.

भेटायला येताना मागच्या 6 महिन्यांच्या नोंदी भरलेलं पासबुक, पासपोर्ट, जन्मदाखला आणि दहावीचं मार्क्स कार्ड घेऊन या. नावांची स्पेलिंगं आम्ही समोरच ताडून बघू.