फुप्फुसातल्या गाठीपर्यंत दुर्बिणीने पोहोचताना

सिन्नर, निफाड, दिंडोरीहून नाशिकला छाती दाखवायला येणाऱ्यांच्या हातात सीटी स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी असते. आत अहवाल: उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला १८ मिलिमीटरची गाठ. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठीला नोड्यूल म्हणतात. टीबीची गाठ आणि सुरुवातीचा कर्करोग स्कॅनवर अगदी सारखे दिसू शकतात. त्यामुळे तुकडा न काढताच टीबीची औषधं सुरू करून वाट बघणं धोक्याचं. कर्करोग असेल तर तेवढ्या महिन्यांत तो हाताबाहेर जाऊ शकतो.

नेहमीच्या ब्रॉन्कोस्कोपची, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीची नळी ५-६ मिलिमीटर जाड असते. श्वासनलिका फाटे फुटत बारीक होत जातात आणि कडेच्या गाठीच्या बरीच अलीकडे ही नळी अडते. तिथून पुढची वाट संगणक दाखवतो. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या कापांच्या सीटीवरून तो श्वासनलिकांचा त्रिमितीय नकाशा तयार करतो. त्याला फिल्म चालत नाही, मूळ डेटाची सीडी लागते. स्कॅन सेंटरवर ती आवर्जून मागून घ्या.

पण हा नकाशा फसवू शकतो. सीटी काढताना रुग्णाने श्वास पूर्ण भरून रोखलेला असतो. भूल दिल्यावर फुप्फुस आक्रसतं, पाठीकडचा भाग मिटतो आणि गाठ जागची सरकते. पडद्यावर ‘पोहोचलो’ दिसतं, सुई मात्र निरोगी भागात शिरते. म्हणून व्हेंटिलेटरवर उच्छ्वासाच्या शेवटीही थोडा दाब राखतात आणि ऑक्सिजन गरजेपुरताच देतात, कारण निव्वळ ऑक्सिजनने फुप्फुस लवकर मिटतं.

शिवाय नमुना घेण्याआधी जागेवर खात्री करावीच लागते. १.४ मिलिमीटरचा सोनोग्राफीचा प्रोब आत सरकवून गोल फिरवला की हवेने भरलेलं फुप्फुस पांढरं, भुरभुरीत दिसतं. गाठ आली की करडा, ठळक कडेचा गोळा. प्रोबच्या चारही बाजूंनी गाठ दिसली तर उत्तम. एकाच बाजूला दिसली, तर तुकडा घेणारा चिमटा तिला चाटून जातो आणि हाती काही लागत नाही. अशा वेळी सुई किंवा क्रायोप्रोब (गोठवून तुकडा काढणारी सळई) वापरतात. काही ठिकाणी टेबलावरच कोन-बीम सीटी (रुग्णाभोवती फिरणाऱ्या यंत्राने काढलेला स्कॅन) काढून चिमटा गाठीत आहे का, ते पाहतात.

एवढी खटपट कशासाठी? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींसाठी छातीतून बाहेरून सुई घातलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के रुग्णांच्या फुप्फुसाभोवती हवा साचली. दुर्बिणीच्या वाटेने हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं आणि निदानाची अचूकता कमी पडली नाही.

एक चूक मात्र टाळाच: सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या (तुकडे टिकवण्याच्या द्रावणाच्या) डबीत टाकणं. त्यात टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. एक नमुना सलाईनमध्ये वेगळा हवाच. अहवालात नुसती ‘सूज’ असं आलं, तरी कर्करोग नाही असा त्याचा अर्थ नव्हे. संशय दाट असेल तर तपासणी पुन्हा करावी. कमी असेल तर ठरल्या तारखेला सीटी.