आकर्षण, शील आणि धीर : डेटिंगविषयीच्या ख्रिस्ती उपदेशाची पार्श्वभूमी

आकर्षणावर भिस्त ठेवू नका, आधी शील पाहा, घाई करू नका. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात हा उपदेश ऐकताना तो पहिल्या शतकापासून असाच चालत आला असेल असे वाटते. त्यातली वचने जुनी आहेतच. पण ती ज्या प्रश्नाला लावली जातात, तो प्रश्न जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

मंडळीच्या इतिहासाचा फार मोठा भाग जोडीदार कसा निवडावा यापेक्षा लग्न झाले की नाही, हे ठरवण्यात गेला. बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याने दोघांची संमती हाच विवाहाचा गाभा मानला. त्यातून चोरून केलेल्या लग्नांची डोकेदुखी निर्माण झाली आणि १५६३ मध्ये रोमन चर्चच्या परिषदेने धर्मगुरू व साक्षीदारांची उपस्थिती सक्तीची केली. त्याआधी १५४९ मध्ये इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात संतती आणि पापापासून बचाव या दोन कारणांना तिसरे जोडले गेले होते : सुखदुःखात एकमेकांची सोबत. सोबत हवी तर माणूस सोबतीला योग्य हवा, म्हणून शीलाची चर्चा इथून वाढत गेली. तरी मुलगा कसा आहे हे शोधायला मुलीला कुठे जावे लागत नसे. घर, शेजार आणि मंडळी यांना ते ठाऊक असायचे.

'डेट' हा शब्द आजच्या अर्थाने छापील मजकुरात दिसतो तो १८९६ च्या सुमारास, शिकागोच्या एका वर्तमानपत्री सदरात. तोवर मुलगा मुलीच्या घरी भेटायला येई आणि आई आसपास असे. शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये पाहुण्याला बसवायला जागा नव्हती, म्हणून भेटी नाट्यगृहात, नृत्यगृहात आणि पुढे मोटारगाडीत होऊ लागल्या. १९२० च्या दशकात अमेरिकी तरुणांमध्ये ही रीत रुळली. या बदलाने नीती ढासळली, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. माझ्या मते नुकसान दुसऱ्याच जागी झाले : पाहणारे गेले. चांगले कपडे घालून आलेल्या दोन माणसांनी चार संध्याकाळींत एकमेकांचे शील ओळखायचे, हा भार पहिल्यांदाच त्या दोघांवर पडला. पूर्वी जे काम अनेक डोळे करत, ते आता पुस्तिका आणि प्रवचने करू लागली.

त्यांना आधार हवा होता आणि तो पवित्र शास्त्रात शोधला गेला. याकोबाने राहेलसाठी सात वर्षे चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, हे धीराचे ठरलेले उदाहरण. राहेल देखणी होती, हे बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा लेखक आडपडदा न ठेवता सांगतो, म्हणजे आकर्षणाला तिथे लाज नाही. मात्र ती सात वर्षे ओळख वाढवण्याची नव्हती, वधूच्या मोबदल्यात दिलेल्या श्रमाची होती. शिवाय एवढी वाट पाहूनही लग्नाच्या रात्री त्याची फसवणूक झालीच : राहेलऐवजी तिची थोरली बहीण लेआ त्याला दिली गेली. लेआच्या वाट्याला आलेले दुःख तर या उदाहरणात क्वचितच सांगितले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एकाच व्यक्तीबरोबर सतत फिरण्याची रीत आली. कोवळ्या वयात असे जोडीने बांधून घेऊ नका, असे पाळक आणि धर्मगुरू सांगू लागले. त्या काळच्या 'थांबा'चा अर्थ आज निसटतो. १९६० मध्ये तिथे पहिल्या लग्नाच्या वयाचा मध्यांक मुलींसाठी २०.३ आणि मुलांसाठी २२.८ वर्षे होता. शाळा संपल्यावर दोन ते पाच वर्षे कळ काढ, एवढाच त्या उपदेशाचा आवाका होता.

त्याच १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि त्याच साली पोलंडमधल्या एका तरुण बिशपचे प्रेमावरचे पुस्तक निघाले. आकर्षण हा प्रेमाचा खरा घटक आहे, पण दुसऱ्या व्यक्तीचा वापर करणे हे प्रेमाच्या उलट आहे, अशी त्याची मांडणी होती. तोच बिशप पुढे पोप झाला आणि १९७९ ते १९८४ या काळात त्याने मानवी देहाच्या अर्थावर १२९ व्याख्याने दिली. या परंपरेत आकर्षणाला शत्रू मानले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. प्रॉटेस्टंट तरुणांपर्यंत मात्र ती दशकानुदशके नीट पोचलीच नाही.

त्यांच्यापर्यंत पोचले ते १९९३ चे शपथपत्र. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याची लेखी शपथ तरुणांकडून घ्यायला सुरुवात केली आणि १९९४ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर अशी दोन लाखांहून अधिक शपथपत्रे रोवली गेली. १९९६ च्या समाजकल्याण कायद्याने संयम-शिक्षणासाठी वर्षाला ५ कोटी डॉलरची तरतूद केली. पाठोपाठ १९९७ मध्ये विशीतल्या एका अविवाहित तरुणाचे पुस्तक आले. डेटिंग सोडून द्या, लग्नाचा विचार पक्का असेल तेव्हाच, आईवडिलांच्या देखरेखीखाली ओळख वाढवा, हे त्याचे सांगणे. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जुनी 'कोर्टशिप' परत आणण्याचा तो प्रयत्न होता. पाहणारे डोळे परत यावेत ही त्यामागची इच्छा मी समजू शकतो. पण ते गाव, तो शेजार परत आला नाही. परत आली ती फक्त देखरेख.

या काळाचे घोषवाक्य बनले ते बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातले वचन, ४:२३. 'सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे.' डेटिंगच्या उपदेशात याचा अर्थ असा लावला गेला : भावना गुंतू देऊ नकोस. प्रत्येक नात्यात हृदयाचा एक तुकडा जातो आणि शेवटी नवऱ्याला किंवा बायकोला द्यायला उरते ते अपुरे हृदय. मुलींना हे विशेष आग्रहाने सांगितले गेले. कुणाबद्दल मनात ओढ निर्माण झाली तरी अपराधी वाटावे, इथवर ते गेले. इथे थांबणे मला भाग आहे, कारण पुढची बरीच पडझड या एका शब्दाच्या अर्थावरून झाली.

मूळ हिब्रू शब्द 'लेव'. शब्दशः हृदय. पण हिब्रू माणूस हृदयाने प्रामुख्याने विचार करतो, ठरवतो, लक्षात ठेवतो. खोल भावना तो पुष्कळदा आतड्यांत ठेवतो, आपण 'आतडे तुटते' म्हणतो तसे. म्हणजे वचनात राखायचा आहे तो विचारांचा आणि निर्णयांचा झरा. पुढच्या ओळी वाचल्या की हे स्पष्ट होते : तोंड वाकडे बोलू नये, डोळे समोर पाहोत, पावलांची वाट सरळ असो. बाप मुलाला समग्र वागणुकीविषयी सांगतो आहे. शिवाय उगमाचे रक्षण करायचे ते त्यातून काही वाहावे म्हणून. उगमच बुजवून टाकला तर रक्षण कशाचे?

मराठी भाषांतरकारांनी इथे 'अंतःकरण' हा शब्द वापरला, हे मला विलक्षण वाटते. आपल्या परंपरेत अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार हे चारही. 'लेव'च्या इतका जवळचा शब्द इंग्रजी वाचकाच्या हाताशी नाही. त्याच्याकडे आहे तो 'हार्ट', आणि त्यावर प्रेमपत्रांची दोन-अडीच शतके चढलेली आहेत. तरीही आपण हे वचन डेटिंगच्या संदर्भात ऐकतो तेव्हा 'अंतःकरण' वाचतो आणि 'हार्ट' समजतो. योग्य शब्द समोर असूनही अर्थ उसना आणला गेला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सांगायला हवे. नीतिसूत्रांचा पुढचाच अध्याय परस्त्रीपासून दूर राहण्याविषयी आहे, तेव्हा बापाच्या मनात हा विषय नव्हताच असे कसे म्हणता येईल? आक्षेप खरा आहे. पण त्याच पाचव्या अध्यायात तारुण्यातल्या पत्नीच्या ठायी आनंद मान, तिच्या प्रेमात सदा मोहून जा, असेही सांगितले आहे. भावना जपून वापरायची शिल्लक आहे, हा हिशेब दोन्ही अध्यायांत मला सापडत नाही.

'शील' या शब्दाची कथा याच्या उलट. इंग्रजीतल्या 'कॅरॅक्टर'ला बोलीत आपण 'चारित्र्य' म्हणतो आणि त्याचा अर्थ लगेच आकसतो, बाईच्या बाबतीत तर फारच. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात धीराने शील निर्माण होते असे वचन आहे. तिथला ग्रीक शब्द कसाला उतरलेल्या धातूची आठवण देणारा आहे. कस लागायला वेळ जातो आणि प्रसंग यावे लागतात : आजारपण, पैशाची ओढाताण, भांडण, नकार. १९९० च्या दशकातल्या उपदेशाने शील म्हणजे जवळजवळ फक्त शरीरसंयम असे करून टाकले. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन सर्वांत शेवटी येते. त्याआधीची ममता, चांगुलपणा, सौम्यता यांची शपथपत्रे कुणी छापली नाहीत.

शपथेचे फलित २००१ मध्ये अभ्यासले गेले. शपथ घेतलेल्यांचा पहिला शरीरसंबंध सरासरीने सुमारे १८ महिने पुढे गेला होता, मात्र सगळेच शपथ घेतात अशा शाळांमध्ये हा परिणाम दिसत नव्हता. २००५ च्या पाठपुराव्यात लैंगिक आजारांचे प्रमाण शपथ घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत सारखेच निघाले. मंडळ्यांमध्ये यावर वाद झाला, पण खरा हिशेब त्या तरुणांची तिशी आल्यावर निघाला. धीर धरलास तर देव उत्तम जोडीदार देईल, असे त्यांना आडून किंवा उघड सांगितले होते. शास्त्रात असे अभिवचन नाही. काहींचे लग्न झालेच नाही, काहींची लग्ने मोडली, आणि लग्नानंतरही देहाची लाज सुटत नाही असे कितीतरी स्त्रियांनी लिहिले. २०१७ च्या अखेरीस मंडळ्यांमधल्या लैंगिक अत्याचारांच्या कहाण्या उघडपणे सांगितल्या जाऊ लागल्या, तेव्हा 'राखण्या'चा सारा भार मुलींवर टाकणारी शिकवणही चर्चेत आली. २०१८ मध्ये १९९७ च्या त्या पुस्तकाच्या लेखकाने माफी मागितली आणि पुस्तकाची छपाई थांबवली. पुढच्या वर्षी आपण स्वतःला ख्रिस्ती मानत नाही, असे त्याने जाहीर केले. ती पिढी त्या पुस्तकावर वाढली होती. त्यांच्यासाठी ही नुसती बातमी नव्हती.

दरम्यान आकडे कुठच्या कुठे गेले. २०२० मध्ये अमेरिकेत पहिल्या लग्नाच्या वयाचा मध्यांक स्त्रियांसाठी २८.१ आणि पुरुषांसाठी ३०.५ वर्षे झाला. दोन ते पाच वर्षांसाठी बेतलेला 'थांबा' आता दहा-बारा वर्षांवर ताणला जातो. शब्द तोच ठेवून तो मागतो किती, हे सांगितले नाही तर तो उपदेश प्रामाणिक राहत नाही.

अलीकडच्या उपदेशाचा सूर बदलला आहे. आकर्षण नसलेल्या व्यक्तीशी निव्वळ 'चांगला विश्वासणारा आहे' म्हणून लग्न करू नये, असे पाळक आता मोकळेपणाने सांगतात. एकांतातल्या भेटींपेक्षा ती व्यक्ती मित्रांशी, घरच्यांशी, आपल्याहून दुबळ्या माणसाशी कशी वागते ते पाहा, असेही सांगतात. २०२२ मध्ये रोमहून निघालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत लग्नाआधीच्या तयारीचा एक टप्पा सुमारे वर्षभराचा असावा असे सुचवले आहे, आणि त्या वाटेवर अनुभवी विवाहित जोडप्यांनी या दोघांच्या सोबत चालावे असेही.