फोटो तोच, फाईल वेगळी

जुन्या लॅपटॉपमधले फोटो नव्यात आणले, फोनमधले उतरवले, क्लाउडवरचे डाउनलोड करून त्यातच टाकले, की एकाच बारशाचा एकच फोटो तीन-तीनदा दिसू लागतो. मग डुप्लिकेट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. ते नेमकं काय तपासतं, हे डिलीट दाबण्याआधी समजून घेतलेलं बरं.

फाईलच्या नावावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेक डिजिटल कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात आणि 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरुवात करतात. नाव एकच, फोटो अगदी वेगळे, असं सर्रास होतं.

खात्रीची पद्धत म्हणजे हॅश. एसएचए-256सारखं सूत्र फाईलमधला प्रत्येक बाइट विचारात घेऊन 256 बिटांचा एक आकडा काढतं. दोन फाईलींचे आकडे जुळले, तर त्या बाइटनबाइट सारख्या आहेत असं बिनधास्त धरावं. पण मूळ फाईलमध्ये एक बिट जरी बदलला, तरी हॅशमधले सरासरी निम्मे बिट उलटतात. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो, नव्याने दाबला गेलेला असतो, त्यातली तारीख-ठिकाणाची एक्झिफ माहितीही गळालेली असते. डोळ्यांना तो तोच फोटो. हॅशच्या लेखी मात्र दोघांचा काही संबंधच नाही.

त्यासाठी वेगळी युक्ती आहे, डीहॅश नावाची. फोटो कृष्णधवल करून 9 गुणिले 8 ठिपक्यांइतका बारीक करायचा. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या ठिपक्यांची तुलना: डावा उजव्यापेक्षा उजळ असेल तर 1, नाहीतर 0. नऊ ठिपक्यांत आठ तुलना, अशा आठ ओळी, म्हणजे फोटोची ओळख 64 बिटांत मावते. फोटो दाबल्यामुळे बारीक तपशील बिघडतात, पण कुठे उजेड आणि कुठे सावली हे फारसं बदलत नाही, म्हणून हे जमतं. दोन ओळखींमधले किती बिट वेगळे, ते मोजायचं; जितके कमी, तितके फोटो सारखे. हे मोजमाप गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांच्या 1950 सालच्या कामातून आलं. ते संदेशांतल्या चुका पकडण्याच्या मागे होते, फोटोंशी त्यांचा काही संबंध नव्हता!

गोची इथेच आहे. एकापाठोपाठ काढलेल्या दोन फोटोंपैकी एकात आजीचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात उघडे. 72 ठिपक्यांत डोळे दिसणार कुठून? सॉफ्टवेअर दोन्ही ‘सारखे’ म्हणून दाखवतं. म्हणून हुबेहूब प्रती त्याच्यावर सोपवाव्यात, पण सारख्या दिसणाऱ्या आपण स्वतः बघूनच काढाव्यात. सहसा मोठी फाईल ठेवावी, मात्र आधी तिच्यातली तारीख पाहावी. गूगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख टेकआउट करताना, म्हणजे गूगलवरचे फोटो एकगठ्ठा उतरवून घेताना, फोटोत नाही, शेजारच्या जेसन (.json) नावाच्या मजकुराच्या फाईलमध्ये येते. ती फाईल कचरा समजून उडवली, की जुन्या लग्नाच्या अल्बममधले स्कॅन थेट स्कॅनिंगच्या दिवशी जाऊन बसतात.

आणि मॅकवाल्यांसाठी एक. 2015मध्ये आयफोटोची जागा फोटोज ॲपने घेतली, तेव्हा दोन्ही लायब्रऱ्या भल्यामोठ्या दिसायच्या. प्रत्यक्षात फोटो डिस्कवर एकदाच होते. हार्ड लिंकमुळे एकाच फाईलला दोन पत्ते मिळाले होते. जुनी लायब्ररी पुसूनही जागा जवळपास तेवढीच राहायची.