बिनगळाची फेक

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये काँक्रीटचे उथळ तलाव आहेत. १९३८ साली ते बांधले, तेही मासे सोडण्यासाठी नव्हे. तरी काठावर माणसं लांब काठ्या घेऊन फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे खोट्या माशीने मासा पकडण्याच्या, फेकीचा सराव करत उभी असतात. दोर मागे जातो, पुढे येतो, अलगद पाण्यावर उतरतो, आणि पुन्हा उचलला जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे निव्वळ वेड वाटलं होतं. आता नदीवर जायला जमत नाही त्या दिवसांत मी घरामागच्या हिरवळीवर हेच करतो, तेही पाण्याशिवाय. शेजारचं कुत्रं कुंपणापलीकडून टक लावून बघत बसतं.

आपल्याकडे खाडीवर गळ टाकताना दोरीला शिसं बांधतात. शिसं भिरकावलं की ते आपल्यामागे दोरी ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं. इथली ‘माशी’ म्हणजे बारीक गळावर पीस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला वजन जवळजवळ नाहीच. कोंबडीचं पीस कितीही जोरात फेका, ते पायाशीच पडणार. म्हणून इथे वजन दोरालाच दिलेलं असतं. दोराचा नंबर त्याच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरचा दोर घेतला तर त्याचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं जास्त. एवढंसं वजन ३० फुटांवर पसरलेलं, आणि ते हवेतून न्यायचं.

ते जातं कसं? काठी पुढे आणून झटकन थांबवली की टोकाशी दोराला वळसा पडतो. वळशाखालचा दोर काठीला धरून जवळपास स्थिर, वरचा मात्र पुढे धावत असतो. पोकलेनचा पट्टा आठवा. जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी असतो, वरचा भाग यंत्राच्या दुप्पट वेगाने पुढे सरकतो. इथेही तसंच. वळसा ज्या वेगाने जातो त्याच्या दुप्पट वेगाने वरचा दोर धावतो.

खरी गंमत पुढे आहे. वळसा जसजसा सरकतो तसतसा धावणारा दोर कमी कमी होत जातो, कारण त्यातला काही भाग सतत खालच्या, थांबलेल्या दोरात जमा होतो. ऊर्जा मात्र उरलेल्या तुकड्यातच कोंबली जाते. हवा नसती तर धावणारा दोर एकचतुर्थांश उरेपर्यंत त्याचा वेग दुप्पट झाला असता. पोतराजाचा आसूड असाच कडाडतो. मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असल्यामुळे त्याचं टोक आवाजाच्या वेगाला मागे टाकतं, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्याचा धक्का. फ्लायचा दोरही टोकाला निमुळता असतो, पण इथे कडाडणं नको असतं. बरीचशी ऊर्जा वाटेतच हवेने खावी आणि माशीने पाण्यावर फुंकरीसारखं उतरावं, एवढीच अपेक्षा.

नवशिक्याला वाटतं, सगळं जोरावर आहे. माझ्या मते नव्वद टक्के चुका थांबण्याच्या आहेत. काठी पुढे नेऊन थांबवायची राहिली, नुसती खाली झुकत गेली, तर टोक कमानीत फिरतं आणि वळसा दारासारखा रुंद होऊन हवेतच मरतो. टोक सरळ रेषेत जायला हवं. मनगट तर गोल फिरतं, मग टोक सरळ कसं जाणार? काठी वाकते म्हणून. जोर हळूहळू वाढवला की काठी जास्त जास्त वाकते, तिची उंची तेवढी कमी होते आणि कमान सपाट होते. जोर एकदम लावला तर टोक मध्येच खाली बुडी मारतं, वरचा दोर खालच्याला ओलांडतो आणि दोर आणि माशी यांना जोडणाऱ्या बारीक नायलॉनला गाठ बसते. लोक त्या गाठीचं खापर वाऱ्यावर फोडतात. वारा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

दुसरं थांबणं मागच्या फेकीचं. दोर मागे पूर्ण उलगडेपर्यंत हात आवरायचा, आणि दोर जितका लांब तितका जास्त वेळ. घाई केली की मागे कडाड्‌ आवाज येतो आणि माशी गेलीच म्हणून समजा.

हे सगळं नदीवर शिकणं अवघड, कारण तिथे लक्ष माशाकडे असतं. हिरवळीवर बघायला दोराशिवाय काही नाही. गळाऐवजी टोकाला भडक लोकरीचा तुकडा बांधा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग काठी आडवी धरून कमरेच्या उंचीवर फेका आणि प्रत्येक फेकीनंतर दोर गवतावर पडू द्या. आपण काय केलं त्याची आकृतीच समोर येते. दोर सरळ पडला तर ठीक. आकड्यासारखा वळला तर मनगट शेवटी फिरलं. फोनवर स्लो मोशनमध्ये टिपलं तर बुडी मारणारं टोकही सापडतं. दोन तास एकदम करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. हाताच्या सवयी थोड्या थोड्या सरावानेच पक्क्या होतात.

जुना दोर वापरा. मी नवा कोरा दोर गाडी लावायच्या काँक्रीटवर घासून घालवला. आठवडाभरात वरचं प्लॅस्टिकचं आवरण खरबरीत झालं आणि तो काठीच्या कड्यांतून सरकेना. पावसात घरात करायचं तर हातभर काठीला जाड लोकर बांधली तरी चालते. लोकर फुगीर असल्याने हवा तिला फार अडवते, वळसा सावकाश जातो आणि डोळ्यांना दिसतो.

एक फेक मात्र गवतावर नीट होत नाही. मागे झाडी असली की दोर मागे न नेता काठावरूनच पुढे गुंडाळत टाकतात. तिच्यात पाण्याने दोराचं टोक धरून ठेवावं लागतं, तेव्हाच काठीला ताण मिळतो. गवत धरत नाही. त्यावर सोपा इलाज म्हणजे परीक्षेचं पॅड. ते समोर गवतावर ठेवायचं आणि दोराचं टोक त्याच्या चिमट्यात अडकवायचं. फेकीच्या शेवटी टोक चिमट्यातून सुटतं आणि लोकर पुढे जाऊन पडते. पॅडच्या पलीकडे ती नेमकी कुठे पडेल हे मला अजून सांगता येत नाही. कुत्र्याला येतं. ते आधीच तिकडे तोंड करून बसलेलं असतं.