पॉलिएस्टर की एपॉक्सी? कुजलेल्या फायबर बोटीला काय लावायचं

फायबरची बोट कुजत नाही, असं म्हणतात. फायबर कुजत नाही हे खरंच, पण त्याच्या पोटात कोंडलेलं लाकूड कुजतं. आउटबोर्ड इंजिन टांगतात तो मागचा ट्रान्सम, तळाशी लांबीत जाणारे स्ट्रिंगर आणि वरचा डेक, जुन्या बोटींमध्ये या सगळ्यांच्या आत बहुधा प्लायवूड किंवा लाकूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. हातोडीनं ट्रान्सम ठोकत गेलं की टणटणीत आवाज एका जागी बद्द होतो. तिथे आतल्या बाजूनं बारीक ड्रिल मारलं आणि फिकट कोरड्या भुशाऐवजी काळपट ओला लगदा बाहेर आला, तर नुसती डागडुजी पुरणार नाही. आतली फायबरची कातडी कापून लाकूड काढावं लागतं.

नवं प्लाय बसवायची वेळ आली की रेझिनचा, म्हणजे काचेच्या कापडात मुरून टणक होणाऱ्या चिकट द्रव्याचा, प्रश्न येतो: पॉलिएस्टर की एपॉक्सी? डब्यात दोन्ही रेझिनं मधासारखीच दिसतात, दोन्हींत ‘हार्डनर’ घालतात, दोन्ही काचेच्या कापडावर लावतात. म्हणून ‘रेझिन ते रेझिन’ असं म्हणून जे स्वस्त ते आणलं जातं.

स्वस्त ते पॉलिएस्टर. पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे आणि बहुतेक फायबर बोटी यातूनच घडतात. स्टायरिनचा, म्हणजे रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रव्याचा, तो डोक्यात जाणारा वास याचाच. यात आधी कोबाल्ट (प्रक्रियेला वेग देणारं द्रव्य) घालून नीट ढवळतात आणि मग एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) घालतात. (काही रेझिनांत कोबाल्ट कारखान्यातूनच घातलेला येतो.) ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, भडका उडू शकतो. बाजारात एमईकेपीला हार्डनर म्हणत असले तरी त्याचं काम फक्त प्रक्रिया सुरू करून देण्याचं. म्हणून त्याचं प्रमाण साधारण १ ते २ टक्क्यांत मागेपुढे करता येतं: उन्हात कमी, गारव्यात जास्त. सरावलेला कारागीर हे अंदाजानं करतो आणि ते निभावतंही.

हाच अंदाज एपॉक्सीला लावला की काम बिघडतं. घरातलं अरालडाइट हे एपॉक्सीच. दोन ट्यूब सारख्याच का पिळायच्या, याचं उत्तर इथे आहे. एपॉक्सीचा हार्डनर स्वतः त्या प्लास्टिकचा भाग होतो. कंपनीनं २ः१ म्हटलं तर २ः१, ५ः१ म्हटलं तर ५ः१. जास्त घातल्यानं ते लवकर सुकत नाही, उलट मऊ, चिकट राहतं. वेग हवा तर फास्ट हार्डनर घ्यायचा, वेळ हवा तर स्लो. आपल्याकडच्या उकाड्यात मी स्लोच घेईन. मिसळलेलं एपॉक्सी खोल मगात तसंच ठेवलं तर तापून धूर सोडतं, म्हणून ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावं.

नव्या बोटीत पॉलिएस्टर उत्तम चालतं, कारण एक थर ओलसर असतानाच दुसरा चढतो आणि दोघे रासायनिकरीत्या एकजीव होतात. वीस वर्षं जुन्या सांगाड्यात ती सोय उरलेली नसते. तिथे नव्या थराला फक्त ग्राइंडरनं उठवलेल्या ओरखड्यांचाच आधार असतो. त्यात पॉलिएस्टर सुकताना चांगलंच आकसतं आणि पकड ताणली जाते. लाकडाशी तर त्याचं मुळातच फारसं जमत नाही. दोन-चार पावसाळ्यांत स्ट्रिंगरवरची पट्टी सालीसारखी सोलून निघते, ती याचमुळे. एपॉक्सी फारच कमी आकसतं, लाकडात मुरतं, जुन्या पॉलिएस्टरलाही घट्ट धरतं. म्हणून कुजका सांगाडा बदलताना माझं मत एपॉक्सीच्या बाजूनं आहे, खिशाला चटका बसला तरी.

मात्र कापडही बदलावं लागतं. नेहमीच्या चॉप्ड मॅटमधले काचधाग्यांचे तुकडे ज्या चिकट द्रव्यानं धरून ठेवलेले असतात ते स्टायरिनमध्ये विरघळतं. एपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे ती मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि खाली हवा राहते. विणलेलं किंवा शिवलेलं बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्यावं. कोपऱ्यात आधी एपॉक्सी आणि सिलिकाच्या पुट्टीची गोलाई भरावी, कापड काटकोनात मोडू नये.

आणखी एक खोड. दमट हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो अ‍ॅसिटोननं जात नाही, नुसता पसरतो. पाणी आणि भांडी घासायचा स्क्रबर लागतो. तो न काढता पुढचा थर दिला तर धरत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे होड्या वर काढलेल्या आणि हाताला सवड. नेमकी तेव्हाच हवा सर्वांत ओली. ताडपत्रीखाली उघडून ठेवलेलं लाकूड महिनाभरातही सुकत नाही आणि ओल्या लाकडावर कुठलंच रेझिन टिकत नाही. छप्पर, पंखा आणि उष्णतेचा दिवा जमत नसेल तर सांगाड्याचं काम मे महिन्यातच उरकलेलं बरं, हंगामाचे काही दिवस बुडाले तरी. ओल्या लाकडावर एपॉक्सी फासण्यापेक्षा कोरड्या, नीट घासलेल्या पृष्ठभागावर आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर (पाण्यात जास्त टिकणारा प्रकार) केव्हाही परवडलं.

एकाच बोटीत दोन्ही रेझिनं वापरायची असतील तर थरांचा क्रम पाळावा: सुकलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चालतं, उलटं केलं तर पकडीचा भरवसा नाही. जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, हाही पॉलिएस्टरच, तेव्हा एपॉक्सीनं केलेल्या दुरुस्तीवर पॉलियुरेथेन रंग द्यावा. रंग टाळू मात्र नये, कारण उघडं एपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटीसारखं सुटायला लागतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडून एपॉक्सी पुट्टीनं भरावीत आणि सुकल्यावर पुट्टीच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडावं, म्हणजे पाणी शिरलं तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही.