परबोरेट पाण्यात पडल्यावर

कपडे उजळवणाऱ्या सोडियम परबोरेटचे नाव रसायनशास्त्रात जरा फसवे आहे. त्याचे रूढ सूत्र पाहिले, तर एका बोरॉनला तीन ऑक्सिजन आणि सोबत पाण्याचे चार रेणू, असे वाटते. म्हणूनच 'टेट्राहायड्रेट' हे नाव पडले. क्ष-किरणांनी स्फटिक तपासल्यावर वेगळेच दिसले. दोन बोरॉन अणू, त्यांना जोडणारे ऑक्सिजन-ऑक्सिजन जोडीचे, म्हणजे पेरॉक्साइडचे, दोन पूल, असे सहा अणूंचे कडे असते. प्रत्येक बोरॉनवर आणखी दोन हायड्रॉक्सिल (OH) गट असतात. म्हणजे चार 'पाण्यां'पैकी एक पाणी नाहीच, ते या हायड्रॉक्सिल गटांच्या रूपात कड्याला जोडलेले आहे. 'मोनोहायड्रेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात तर पाण्याचा एकही स्वतंत्र रेणू नसतो!

पेरॉक्साइड असे थेट बोरॉनशी बांधलेले असल्यामुळे कोरडी पूड चांगली टिकते. पाण्यात मात्र हे कडे उघडते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे होते. 100 ग्रॅम टेट्राहायड्रेटमधून ते सुमारे 22 ग्रॅम मिळते, मोनोहायड्रेटमधून सुमारे 34. द्रावण दाट असेल तर बोरेट आणि पेरॉक्साइड काही प्रमाणात पुन्हा एकमेकांना धरतात. विरळ द्रावणात जवळजवळ सगळे पेरॉक्साइड सुटेच राहते.

पेरॉक्साइड सुटल्यावर बोरॉनचे काम संपते असे मात्र नाही. मागे उरलेले बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन सोडत नाही. ते पाण्याकडून हायड्रॉक्सिल ओढून घेते आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा करते. हा समतोल सामू 9.2 च्या आसपास निम्म्यावर असतो, म्हणून परबोरेटचे द्रावण 10 च्या जवळपास स्थिरावते. हा आकडा फार सोयीचा आहे. डागावर हल्ला करतो तो पेरॉक्साइडचा ऋण आयन, आणि तो निम्म्याने तयार व्हायला सामू 11.6 लागतो. सामू 10 ला तो जेमतेम अडीच टक्के असतो. तेवढा कामाला पुरतो, आणि पेरॉक्साइड स्वतःच फुकट विघटित होण्याचा वेगही आवाक्यात राहतो.

हे गणित सर्वात जास्त बिघडवतात ते धातू. लोह, तांबे, मँगनीज यांचे अंश पाण्यात असले की पेरॉक्साइड ऑक्सिजनचे बुडबुडे होऊन निघून जाते. गंजलेल्या ठिपक्याभोवती कापडालाच भोक पडू शकते. म्हणून पावडरीत धातू पकडून ठेवणारी द्रव्ये घालतात. दुसरी अडचण तापमानाची. निव्वळ परबोरेट 60 अंश सेल्सिअसच्या खाली मंद असते. त्यावर उपाय म्हणजे टीएईडी (टेट्राॲसिटिलएथिलिनडायअमिन) हे सक्रियक, म्हणजे विरंजन कमी तापमानालाही चालू करणारे द्रव्य. पेरॉक्साइडचा आयन त्याच्यावरचे दोन ॲसिटिल गट काढून घेतो आणि त्यातून पेरॲसिटिक आम्ल बनते, ते 40 अंशांनाही काम करते. एका रेणूमागे पेरॉक्साइडचे दोन रेणू लागतात, म्हणजे 228 ग्रॅम टीएईडीला सुमारे 308 ग्रॅम टेट्राहायड्रेट. बोरॉनच्या प्रजननावरील विषारी परिणामांमुळे युरोपात आता परकार्बोनेटने (सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयुगाने) परबोरेटची जागा घेतली आहे.

पूड ताजी आहे का, हे प्रयोगशाळेत अनुमापनाने, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण किती खर्च होते हे मोजून, कळते. 0.25 ग्रॅम टेट्राहायड्रेट विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवा आणि ब्युरेटमधून 0.02 मोलार पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. शुद्ध पुडीला सुमारे 32.5 मिलिलिटर लागतात. पहिले थेंब रेंगाळत विरंजित होतात. तयार होणारे मँगनीज आयन पुढची क्रिया वेगवान करतात, तेव्हा घाई करू नये. द्रावण तपकिरी पडले तर आम्ल कमी आहे. तो मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडचेच विघटन करतो, तेव्हा ते द्रावण टाकून द्यावे आणि नव्याने सुरुवात करावी. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते आणि जुनी पूडही ताजी भासते.