कर्करुग्णांची मनस्ताप-चाळणी

कॅन्सरच्या रुग्णाला मानसिक त्रास कितपत होतो आहे, हे छोट्या, ठरावीक प्रश्नावलीने पडताळण्याची पद्धत. हे निदान नव्हे. कोणाशी निवांत बसून बोलायला हवे, एवढेच त्यातून कळते.

नुसत्या नजरेवर विसंबले की चूक होते. मुकाट्याने औषधे घेणारा रुग्ण खंबीर वाटतो, आणि रुग्णही डॉक्टरांचा वेळ जाईल म्हणून मनातले मनातच ठेवतो. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी या कामाचा पाया घातला. तिथल्या नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क या कर्करोग केंद्रांच्या संघटनेने १९९९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा 'नैराश्य', 'मनोविकार' हे शब्द टाळून 'डिस्ट्रेस' हा शब्द मुद्दाम निवडला. 'तुम्हाला मनोविकार आहे का' म्हटले की माणूस मिटतो. 'त्रास होतोय का' म्हटले की बोलता होतो.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे 'डिस्ट्रेस थर्मामीटर'. कागदावर तापमापकाचे चित्र असते, त्यावर ० ते १० आकडे. आजचा दिवस धरून गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, त्या आकड्याभोवती रुग्णाने गोल करायचा. ४ किंवा त्याहून जास्त आला की पुढची चौकशी होते. सोबतच्या यादीत पैसा, प्रवास, मुलांची देखभाल, झोप, भीती, श्रद्धा अशा अडचणींवर खूण करायची असते. माझ्या मते खरा ऐवज या यादीत आहे. दोघांचा आकडा ७ असतो. एकाला ये-जा करायला गाडी हवी असते, दुसऱ्याला समुपदेशक.

१९८३ची 'हॅड्स' ही चिंता आणि नैराश्य तपासणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली भूक, वजन यांबद्दल विचारत नाही, कारण ती लक्षणे आजारामुळे किंवा केमोथेरपीनेही दिसतात. तिच्यातल्या एका प्रश्नात पोटात फुलपाखरे असल्याचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. तो शब्दशः उतरवला तर रुग्ण बुचकळ्यात पडेल; 'भीतीने पोटात गोळा येतो का' म्हटले की लगेच कळते. 'पीएचक्यू-९' या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला होकार आला, तर एकूण गुण कितीही कमी असोत, रुग्णाला घरी पाठवण्याआधी त्याच्याशी बोलावे लागते.

चाळणी एकदा करून भागत नाही. निदान, उपचारांतले बदल, आजार उलटणे या वेळी ती पुन्हा करतात. उपचार संपतानाची वेळ मात्र हमखास निसटते: घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, रुग्णाची धास्ती तेव्हाच वाढते. आकडा नोंदवून कागद फायलीत गेला आणि पुढे कोणी बोललेच नाही, तर रुग्णाला फारसा फायदा होत नाही. म्हणून फॉर्म वाटण्याआधी तो वाचणार कोण आणि रुग्णाला पाठवायचे कुठे, हे ठरलेले असावे लागते.